विजारीची वाकळ

महाराष्ट्रातल्या संसारात काही वस्तू अशा होत्या, की त्या विकत आणाव्यात ही कल्पनाच कोणाला सुचत नसे. देवापुढच्या वाती, उन्हाळ्यातल्या कुरडया आणि हिवाळ्यातली गोधडी या तिन्ही त्याच जातीच्या. दुकानात जाऊन गोधडी मागणारा मनुष्य एक तर परमुलखातला असला पाहिजे, नाही तर पोरका असला पाहिजे, असेच आमच्या आज्या समजत. गोधडी घरात जन्माला यावयाची, घरातच वाढावयाची आणि घरातच विरून जावयाची.

तिचा जन्म होण्यापूर्वी कापडाला मात्र अनेक आश्रमांतून जावे लागे. नवे लुगडे प्रथम सणावाराला नेसले जाई. मग ते रोजच्या वापरात उतरे. मध्येच विरले, तर विरलेला भाग कापून, दोन्ही टोके जोडून त्याला दांड घातला जाई. दांडही जुना झाला, की काठाकडच्या धडक्या भागातून मुलीचा परकर निघे, मऊ पडलेल्या भागातून तान्ह्याची झबली आणि दुपटी निघत. उरलेले सारे गोधडीच्या पोटात जाई. आणि गोधडीही जेव्हा पांघरण्याच्या पलीकडे जाई, तेव्हा तिचे पोतेरे होऊन ते चुलीपुढे लोळे. एका लुगड्याने तीन पिढ्यांची सेवा करावी आणि शेवटी राखेत मिळून जावे, असा तो क्रम होता. ब्रह्मचर्यापासून संन्यासापर्यंतचे चारही आश्रम माणसाला साधोत न साधोत. लुगड्याला ते हमखास साधत.

या वस्तूला आपल्या भाषेने नावेही किती दिली आहेत! तान्ह्याचे ते दुपटे, अंथरण्याचे ते लेपाटे, जाडजूड ती वाकळ, ठिगळांची ती गोधडी, आणि साधूच्या अंगावर गेली की तीच कंथा. मराठी शिकविणाऱ्या माणसाला असे शब्द सापडले, की दिवाळीचा फराळ मिळाल्याचा आनंद होतो. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाड वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या वस्त्रावर दासोपंतांनी पंचीकरणाचे तत्त्वज्ञान लिहून काढले. अंगावर घेण्याच्या वस्त्रावर वेदान्त लिहावा, हे ज्याला सुचले तो पुरुष मराठीच असणार!

चिंध्यांचे वैभव

आमचा जिल्हा २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाला आहे. बोलताना आमची जीभ अजून ‘नगर’वरच वळते, ती गोष्ट निराळी. पण ज्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला मिळाले, त्या १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी जन्मल्या, आणि पुढे त्यांनीच महेश्वरला विणकरांना आश्रय देऊन तिथल्या साड्यांना नाव मिळवून दिले. म्हणजे कापडाशी आमचे नाते जुने आहे. आणि फाटक्या कापडाशी तर त्याहूनही जुने.

कर्जतचे ग्रामदैवत म्हणजे संत गोदड महाराज. त्यांची रथयात्रा भरते तेव्हा सारा तालुका लोटतो. नावातच गोधडीचा नाद असलेले दैवत दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला लाभले असेल, तर मला ठाऊक करून घ्यायला आवडेल. तिकडे राहाता तालुक्यात शिर्डी. आज तिथे सोन्याचे सिंहासन आहे; पण दाभोळकरांच्या चरित्रग्रंथात जे साईबाबा भेटतात, ते चार हात लांब आणि वीतभर रुंद फळीवर निजणारे आहेत, आणि ती फळी मशिदीच्या आढ्याला बांधली होती ती जुन्या चिंध्यांनी! ज्या चिंधीचा आपण तिरस्कार करतो, तिच्यावर एका अवलियाने आपला सारा भार टाकला, असाच त्या गोष्टीचा अर्थ मी घेतो. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्याचे नव्हेत, ते विदर्भातले. पण चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालून ते सारा महाराष्ट्र हिंडले, आणि लोकांनी त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणूनच ओळखले.

आणखी एक गंमत पाहा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. त्यावरचे मराठीतले पहिले थोर भाष्य शके १२१२ मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशाला झाले. आत्मा जुने शरीर टाकतो, हे आमच्या बायकांनी भक्तिभावाने ऐकले आणि मान्यही केले. जुने वस्त्र टाकायचे, एवढे मात्र त्यांनी कधी मनावर घेतले नाही!

लुगडे गेले, विजार आली

पण आता पंचाईत अशी झाली आहे, की गोधडीला लागणारे जुने सुती लुगडेच घरातून नाहीसे झाले. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावर कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या स्वस्त, वजनाला हलक्या, झटकली की वाळणाऱ्या. राबणाऱ्या बाईने त्या घेतल्या यात तिचे काहीच चुकले नाही. परंतु त्या साडीची गोधडी नीट होत नाही. ती घाम पीत नाही, टाक्याखालून निसटते, थंडीत अंगाला गार लागते, आणि चुलीची ठिणगी पडली तर जळून अंगाला चिकटते. गोधडीचा सगळा गुण होता तो कापसाचा. कापूस गेला, म्हणजे गोधडीतला जीवच गेला.

आणि मग घरात शोध घेता असे दिसून आले, की जाडजूड, धडका कापूस आता एकाच ठिकाणी उरला आहे, आणि तो म्हणजे मुलांच्या जीनच्या विजारीत! शेतकऱ्याचा मुलगा जीन घालतो, मास्तरांची मुलगी जीन घालते, गवंड्याचा बिगारीही जीनच घालतो. ही विजार सहज फाटत नाही; फाटली तर गुडघ्यावर किंवा बसण्याच्या जागी फाटते, आणि पोटऱ्या-मांड्यांचे कापड तसेच खणखणीत राहते. आखूड झाली म्हणून टाकलेल्या विजारींची तर गणतीच नको. शहरात त्या कपाटाच्या तळाशी पडून राहतात आणि एके दिवशी बोहारणीच्या गाठोड्यात जातात. बोहारीण ही मोठी पारखी बाई. ती भरजरी शालू नाकारील, पण जीन पाहिली की तिचा भाव चढतो, हे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवले असेल.

‘जीन’ हा शब्द मराठीला नवा नाही. घोड्याच्या पाठीवर घालतात तेही जीनच. त्या खोगिरात निरुपयोगी चिंध्या कोंबीत, आणि त्यावरूनच आपल्याकडे ‘खोगीरभरती’ हा शब्द रूढ झाला. आता जीनचीच भरती गोधडीत होऊ लागली आहे, म्हणजे शब्दाने आपले वर्तुळ पुरे केले म्हणावयाचे!

डोंगरीपासून डेनिमपर्यंत

या कापडाला आपण विलायती समजतो. पण त्याच्या कुळाचा शोध घेतला, तर त्याची एक शाखा थेट आपल्या अंगणात येऊन पोचते. इटलीतल्या जिनोआ बंदरावरून ‘जीन’ हे नाव आले आणि फ्रान्समधल्या नीम गावावरून ‘डेनिम’, असे सांगतात. मात्र इंग्रजीत कामकऱ्यांच्या जाड्याभरड्या कपड्यांना ‘डंगरी’ असा आणखी एक शब्द आहे, आणि कोशकार तो हिंदुस्थानी ‘डुंगरी’ कापडावरून आला असे देतात. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत या जाड सुती कापडाचा उल्लेख सापडतो, आणि त्याचा संबंध मुंबईतल्या डोंगरीशी जोडला जातो. म्हणजे ज्या विजारीला आपण अमेरिकेची म्हणतो, तिची एक थोरली बहीण मुंबईची निघाली.

अमेरिकेत तिला आजचे रूप आले, ते १८७३ साली. नेव्हाडा राज्यातील जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने मजुरांच्या विजारी खिशाच्या कोपऱ्यांवर उसवू नयेत म्हणून तिथे तांब्याच्या कड्या ठोकल्या. पेटंटला पैसे हवेत म्हणून त्याने आपला कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला भागीदार केले, आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ही विजार चैनीसाठी जन्मली नाही. ती जन्मली कष्टकऱ्यांसाठी. चैनीची झाली ती नंतर.

आपल्याकडे अहमदाबादच्या अरविंद मिलने १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेनिम विणावयास घेतले, आणि नव्वदीत ते कापड गावोगाव पोचले. माझे महाविद्यालयीन शिक्षण त्याच सुमारास झाले. वडिलांच्या मते जीन घालणारा मुलगा हा वाया गेलेला मुलगा होता. आज तेच वडील नातवाची जुनी जीन गुडघ्यापर्यंत कापून बागकामाला घालतात. काळाचा महिमा!

या कापडाचा निळा रंग कसा बसतो, हे कळले म्हणजे त्याची गोधडी इतकी देखणी का होते तेही कळते. नीळ पाण्यात विरघळत नाही. रसायनाने तिचे रूप पालटून ती विरघळवावी लागते. त्या द्रावणातून सूत बाहेर काढतात तेव्हा ते पिवळट-हिरवे असते आणि वाऱ्याला लागताच डोळ्यांदेखत निळे होते. ही निळाई सुताच्या वरवरच बसते. गाभा पांढराच राहतो. त्यातून डेनिमचे उभे धागे तेवढे निळे आणि आडवे पांढरे. म्हणून जसजशी विजार झिजते, तसतसा आतला पांढरा गाभा वर येतो. गुडघा फिकट, मांडी मध्यम, शिवणीच्या आतली पट्टी अगदी काळीभोर. एका विजारीत निळ्याच्या पाच-सहा छटा मिळतात, आणि प्रत्येक छटा म्हणजे घालणाऱ्याच्या उठण्याबसण्याचा लेखी पुरावाच. आजची नीळ कारखान्यातली आहे. जर्मनीतून ती १८९७ साली बाजारात आली आणि शेतातली नीळ हटत गेली. ज्या निळीपायी चंपारण्याचे शेतकरी पिचले आणि १९१७ साली गांधीजी तिकडे गेले, तिचेच हे धाकटे भावंड आता आपल्या अंथरुणात येऊन निजले आहे.

प्रत्यक्ष कृती

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत. गेली काही वर्षे त्या जीनच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या ओट्यावर बसून मी जे पाहिले आणि विचारले, ते भगिनींच्या उपयोगासाठी येथे देतो.

प्रथम विजारी धुऊन घ्याव्यात, आणि त्या वेगळ्या धुवाव्यात, कारण नीळ बराच काळ सुटत राहते. मग दोन्ही पायांच्या शिवणी कापून पाय उलगडावेत. येथे उसवण्याचा लोभ धरू नये. मी विचारले, “मावशी, ही जाड शिवण टाकून का देता? तेवढेच कापड वाचले असते.”

“अहो सर, ती चार पदरी शिवण म्हंजे हाडूक. सुईची मान तिथंच मोडती. मटणातलं हाडूक आपण ताटाच्या कडेला ठेवतो का नाही, तसं ठेवायचं.”

ही हाडके त्या फुकट घालवीत नाहीत; त्यांची वेणी घालून पिशवीचे बंद करतात. उलगडलेल्या पायांतून नऊ इंची चौकोन कापावयाचे. त्यासाठी पुठ्ठ्याचा एकच नमुना वापरावा, म्हणजे माप हलत नाही. एका मोठ्या माणसाच्या विजारीतून, फाटका गुडघा वगळता, सात-आठ चौकोन निघतात. अकरा ओळी आणि ओळीत सात, असे सत्त्याहत्तर चौकोन जोडले, की चारी बाजूंचा अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन छप्पन्न इंच रुंद आणि अठ्ठ्याऐंशी इंच लांब पांघरूण होते. म्हणजे साधारण दहा विजारींत एक गोधडी.

यंत्राला नेहमीची सुई चालत नाही; सोळा किंवा अठरा नंबरची लागते, आणि टीप जरा लांब ठेवावी लागते. प्रत्येक शिवण उलगडून दोन्हीकडे दाबून बसवावी, नाही तर ओळी जोडताना सांध्यावर गुठळी होते आणि रात्री ती पाठीला बोचते. फिकट चौकोन मध्ये आणि गडद कडेला घेतले, तर मध्यभागी चांदणे पडल्यासारखे दिसते. अस्तराला जुनी सुती साडी किंवा चादर घ्यावी. मध्ये भरण घालण्याचे कारण नाही. फार तर एक विरलेली चादर. वरचे कापडच दीड-पावणेदोन किलो भरते. सगळी मिळून गोधडी अडीच किलोच्या घरात जाते. याहून जड केली, तर पांघरणारा ऊबेने नव्हे, भारानेच घामाघूम व्हावयाचा.

आता शेवटचे काम. जुन्या गोधडीला बायका कडेकडेने सुरुवात करून, चौकोनात चौकोन घालीत धावदोऱ्याने मधोमध येत. जीनमधून हातसुई तशी धावत नाही. बोटाला अंगुस्तान घालूनही धावत नाही. म्हणून चार चौकोन जिथे भेटतात, तिथे जाड दोऱ्याने आरपार टाका घेऊन गाठ मारावयाची. अशा साठ गाठी होतात. सात ओळींमध्ये सहा सांधे, आणि अकरांमध्ये दहा. मावशी शाळेत चौथीपर्यंत गेल्या. पण हा गुणाकार त्यांच्या बोटांत आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. ही गोधडी धुणे म्हणजे पहिलवानी काम. आमच्याकडे नवरात्रापूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुवावयाचे असते. त्याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. प्रवरेच्या, मुळेच्या, सीनेच्या काठी दगडांवर गोधड्यांचे निळे-लाल मळे फुलतात. त्यांत जीनची गोधडी पिळावयाला दोन बायका दोन टोकांना लागतात आणि ती वाळायला दोन दिवस घेते. तान्ह्यासाठी आणि म्हाताऱ्या माणसासाठी ती नव्हे. त्यांना मऊ लुगड्याचीच हवी. ताणली जाणारी जी नवी जीन आली आहे, तिचाही उपयोग नाही. ती शिवताना सुरकुतते. परंतु तिला एक गुण असा आहे, की ती वारा आत येऊ देत नाही. आणि हा गुण कोणाच्या उपयोगी पडतो, ते आता सांगतो.

कोपीतली थंडी

दिवाळीच्या आसपास, तुम्ही हा अंक हाती घेऊन बसला असाल त्याच दिवसांत, आमच्या जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूंनी ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून निघतात. ही ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी उन्हाळ्यापर्यंत फडात राहावयाचे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी उभा राहिला, हा आमचा अभिमान. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला, आणि १९५०-५१ च्या हंगामात तो सुरू झाला. पण साखर गोड करणारे हात रात्री निजतात ते पाचटाच्या कोपीत, आणि नगरची थंडी अशी, की पारा दहा अंशांखाली गेला तर आम्हांला नवल वाटत नाही. पहाटे, उजाडण्यापूर्वीच, दव पडलेल्या उसात शिरावयाचे असते. त्या आधीच्या चार तासांची झोप ज्या पांघरुणाखाली होते, त्याची किंमत आपण काय करणार?

माझ्या वर्गात अशाच एका घरातला विद्यार्थी होता. तीन वर्षे तो दोन विजारींवर कॉलेज करीत होता. सोमवारी गडद, मंगळवारी फिकट, पुन्हा गडद, पुन्हा फिकट. पदवी परीक्षेनंतरच्या दिवाळीत मी पाथर्डी तालुक्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. आईवडिलांचे निघण्याचे गाठोडे बांधणे चालले होते. पातेली, कोयते, पिठाचा डबा, आणि सर्वांवर घडी करून ठेवलेली निळी वाकळ. दहा विजारी कुठून येणार? दोन मुलाच्या होत्या, एक भाच्याची, बाकीचे कापड धान्याच्या सुती पिशव्यांचे आणि नवऱ्याच्या धोतराचे. टाके हाताचे, दाभणाने घेतलेले. आणि एका कोपऱ्यावर विजारीचा मागचा खिसा, जसाच्या तसा, पांघरुणावर राहू दिलेला.

मी विचारले, “वहिनी, खिसा काढला नाहीत?”

त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या म्हनलं. मुकादमाच्या उचलीची वही कोपीत कुठं ठिवावी? उंदरं खात्यात. इथं उशापाशी ऱ्हाती.”

मग घडीवरून हात फिरवीत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “अन् रातच्याला अंगावर घेतलं, की वाटतंय, पोरगं कालिजात गेलंय. आपल्यासंगं फडात न्हाई आलं.”

यावर मी काय बोलणार? मी मराठीचा अध्यापक आहे. मायेवरचे उतारे वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. पण त्या वाक्याला जोडावे असे विवेचन माझ्यापाशी नव्हते.

सातासमुद्रापलीकडची वाकळ

हे दुःख आणि ही युक्ती आपल्याच वाट्याला आली असे नाही. जिथे गरिबी आणि थंडी एकत्र नांदते, तिथे गोधडी असतेच. बंगालात कंथा, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी चिंध्यांची ‘फुले’ बसवितात. ती नसतील तर गोधडी उघडी पडली असे त्या मानतात. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस मिळणे कठीण, म्हणून तिथले शेतकरी निळ्या चिंध्यांवर चिंध्या शिवीत; त्याला बोरो म्हणतात, आणि आज ती वस्त्रे संग्रहालयांत आहेत.

पण आमच्या निळ्या वाकळेची सख्खी मावसबहीण आहे ती अमेरिकेत, अलाबामा राज्यात. तिथे नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांवर गुलाम होते. तिथल्या बायका नवऱ्यांच्या शेतात झिजलेल्या डेनिमच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. १९४२ साली मिझुरी पेटवे नावाच्या स्त्रीचा पती वारला. तिने त्याचे कामाचे जुने कपडे गोळा केले आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावे, हा तिचा हेतू होता, असे तिच्या मुलीने पुढे सांगितले. २००२ साली या गोधड्या प्रथम ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतींवर लागल्या. २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. टीकाकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. ती योग्यच आहे. पण शिवताना त्या स्त्रियांपुढे चित्रकला नव्हती. घरात कुडकुडणारी माणसे होती.

पाण्याचा हिशेब

शहरातल्या वाचकांना वाटेल, की हा सारा भावनेचा मामला झाला. तर थोडा हिशेबही मांडतो. लेव्ही स्ट्रॉस कंपनीने २०१५ साली आपल्याच एका विजारीचा जन्मापासून अंतापर्यंतचा पाण्याचा जमाखर्च प्रसिद्ध केला. तो आकडा ३,७८१ लिटर! त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या कापूस पिकविण्याचा. ज्या पाथर्डीच्या बायकांविषयी मी आताच लिहिले, त्यांच्या बाजूला उन्हाळ्यात पाणी टँकरने येते. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे अवघ्या अडीच विजारी आणि वर थोडे. आपल्या कपाटाच्या तळाशी जेव्हा चार जुन्या जीन पडलेल्या असतात, तेव्हा तिथे दीड टँकर पाणी निजलेले असते, असे समजावे. दहा विजारींची एक गोधडी म्हणजे जवळजवळ चार टँकर. इतके पाणी पिऊन आलेले कापड दोन वर्षांत उकिरड्यावर जावे, हे पाणीटंचाईच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तरी सहन होऊ नये.

दुसरा हिशेब कष्टाचा. अलीकडे पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत जीनच्या गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात. याचा मला आनंदच आहे. फक्त घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: शिवणारीला काय मिळाले? चौकोन कापण्यापासून साठावी गाठ मारीपर्यंत आमच्या मावशींना तीन-चार दिवस लागतात. कापड फुकट, म्हणून गोधडी स्वस्त, असा हिशेब करणारे गिऱ्हाईक त्यांच्या दारात नेहमी येते. त्यांचे उत्तर ठरलेले आहे: “कापड तुमचं फुकट असंल. माझं बोट फुकट न्हाई.”

तेव्हा भगिनींनो, आणि बंधूंनो सुद्धा, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या विजारी निघतीलच. स्टीलच्या एका डब्यासाठी त्या सगळ्याच बोहारणीला देऊ नका. दहा जमेपर्यंत थांबा. शेजारच्या घरातूनही मागून घ्या. घरात यंत्र असेल तर स्वतः शिवा. नसेल तर गल्लीतल्या एखाद्या मावशींना गाठा, आणि शिलाई ठरविताना घासाघीस करू नका. एक आपल्या घरासाठी करा. दुसरी होण्याइतके कापड जमले, तर तीही करा, आणि कारखान्याच्या वाटेवर ऊसतोडीचा तळ पडलेला दिसेल तिथे नेऊन द्या. देताना फोटो काढण्याचे कारण नाही.

आणि हो, त्या दुसरीला एक खिसा तेवढा राहू द्या. तिथे ठेवायला काहीतरी असते.